स्प्रिंगफील्ड इंडियन्सचं नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब नुकतंच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डजवळ राहायला आलं आहे. मुलगा बर्फावरची हॉकी खेळायला लागलाय आणि रिंकवरची जुनी मंडळी सारखी ‘इंडियन्स’ नावाच्या संघाबद्दल बोलतात. हा संघ कोणता, तो बंद का पडला, आज कॅनडात ॲबट्सफर्डला खेळतो तो हाच संघ का, आणि अशा दुय्यम लीगमध्ये खेळणाऱ्या पोरांचं पुढे काय होतं?

मी न्यू इंग्लंडमध्ये दुय्यम लीगच्या सामन्यांना रिंकच्या कडेला बसून अधिकृत नोंदी ठेवण्याचं काम बरीच वर्षं करतोय. गोल कुणाचा, त्याला हातभार कुणाचा, कोणाला किती मिनिटं बाहेर बसवलं, हे सगळं कागदावर उतरवायचं. हे काम करताना जुने कागद चाळायची सवय लागते आणि या भागातले जुने कागद चाळायला घेतले की फिरून फिरून इंडियन्सवरच येऊन थांबतो. म्हणून जरा मोठं उत्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करतो. नावाचा भारताशी काहीही संबंध नाही. नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून होतं, आणि त्या काळी याच शहरात इंडियन मोटरसायकलचा मोठा कारखानाही होता. स्प्रिंगफील्ड हे कारखान्यांचं, कामगारांचं गाव. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये इथलाच. पण हिवाळ्यात या गावाला वेड होतं ते हॉकीचं.

संघ १९२६ मध्ये सुरू झाला, कॅनेडियन-अमेरिकन लीगमध्ये. १९३२-३३ च्या मोसमात मध्येच बंद पडला. मग क्वेबेक बीव्हर्स नावाचा संघ १९३५ मध्ये इथे आणला गेला आणि त्याला पुन्हा इंडियन्स हेच नाव दिलं. १९३६ मध्ये दोन लीग एकत्र येऊन जी लीग तयार झाली तिच्या पहिल्या आठ संघांमध्ये स्प्रिंगफील्ड होतं. तीच आजची अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, लगेच खालची पायरी.

इथपर्यंत काही विशेष नाही. असे संघ तेव्हा पुष्कळ होते. गोष्ट खरी सुरू होते १९३९ मध्ये, एडी शोर हा संघ विकत घेतो तेव्हा.

शोर कोण, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. बोस्टन ब्रुइन्सचा हा बचावपटू त्याच्या काळातला सर्वांत धाक असलेला खेळाडू. एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक त्याने चार वेळा मिळवला. एवढे हार्ट करंडक आजवर दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला मिळालेले नाहीत. डिसेंबर १९३३ मध्ये त्याने मागून मारलेल्या धडकेने टोरंटोच्या एस बेलीची कवटी फुटली, बेली मरता मरता वाचला आणि पुन्हा कधी खेळला नाही. त्याच्या मदतीसाठी फेब्रुवारी १९३४ मध्ये टोरंटोत खास सामना भरवला गेला, तिथे दोघांनी बर्फावर हात मिळवले. कौशल्य अफाट आणि स्वभाव भयंकर, असा हा माणूस. ब्रुइन्सने १९३९ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि त्याच वर्षी शोरने स्वतःच्या पैशांनी स्प्रिंगफील्डचा संघ घेतला. सुरुवातीला तो बोस्टनसाठीही खेळायचा आणि स्वतःच्या संघासाठीही. बोस्टनला हे परवडेना, जानेवारी १९४० मध्ये त्यांनी त्याला न्यूयॉर्क अमेरिकन्सकडे पाठवलं, आणि त्या मोसमानंतर शोरने एनएचएल सोडून सगळं लक्ष स्प्रिंगफील्डवर लावलं.

संघ वेस्ट स्प्रिंगफील्डच्या जत्रेच्या मैदानातल्या कोलिझियममध्ये खेळायचा. १९१६ ची ती इमारत आजही तिथे उभी आहे. सप्टेंबरमध्ये ‘बिग ई’ची जत्रा भरते तेच मैदान. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ती इमारत ताब्यात घेतली, तेव्हा शोर आपले खेळाडू घेऊन बफेलोला गेला आणि बफेलोने १९४३ आणि १९४४ मध्ये कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये संघ स्प्रिंगफील्डला परतला. १९५१ मध्ये शोरने तो उचलून सिराक्यूजला नेला, तीन वर्षांनी पुन्हा परत आणला. हे लक्षात ठेवा. संघ कुठे राहणार हे गाव ठरवत नव्हतं, लीग ठरवत नव्हती, मालक ठरवत होता. आणि मालकाच्या हातात त्याहूनही मोठी एक गोष्ट होती. ती म्हणजे खेळाडू.

आज एएचएलच्या संघातले बहुतेक महत्त्वाचे खेळाडू वरच्या एनएचएल संघाच्या करारावर असतात. स्थानिक मालक रिंक चालवतो, तिकिटं विकतो; खेळाडू त्याचे नसतात. शोरचं तसं नव्हतं. न्यूयॉर्क रेंजर्सशी काही वर्षं करार असताना त्यांचे काही खेळाडू यायचे, पण संघाचा कणा होता तो शोरच्या स्वतःच्या करारावरच्या खेळाडूंचा. आणि त्या काळच्या करारात असं कलम असायचं की मोसम संपला तरी खेळाडू त्याच मालकाला बांधलेला. मालकाने विकलं नाही, सोडलं नाही, तर दुसरीकडे व्यावसायिक हॉकी खेळायची सोयच नाही.

त्यात १९४२ ते १९६७ एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. सहा संघ म्हणजे जगभरात मिळून सव्वाशेच्या आत-बाहेर नोकऱ्या. आज जे खेळाडू सहज एनएचएलमध्ये असते ते तेव्हा खाली अडकून पडायचे. इंडियन्सच्या सुवर्णकाळाचं कारण नेमकं हे आहे. १९६०, १९६१, १९६२ असे सलग तीन कॅल्डर कप या संघाने जिंकले. एएचएलच्या सगळ्या इतिहासात हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. त्या तिन्ही वर्षी नियमित मोसमातही संघ पहिलाच होता.

त्या संघातल्या दोन माणसांचे आकडे मी नेहमी नव्या लोकांना दाखवतो. बिल स्वीनीने १९६१, १९६२, १९६३ अशी सलग तीन वर्षं लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि हातभार मिळून) मिळवले. एनएचएलमध्ये तो एकूण किती सामने खेळला? चार. जिम अँडरसनने एएचएलमध्ये ४०० हून अधिक गोल केले, त्यातले बहुतेक स्प्रिंगफील्डसाठी. एनएचएलमध्ये त्याला सात सामने मिळाले, तेही वयाची पस्तिशी गाठल्यावर, संघ वाढले तेव्हा. ही माणसं कमी पडली नव्हती. वर जागा नव्हती आणि खाली मालक सोडत नव्हता. नोंदवहीत ओळीने त्यांचे गोल वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, हे लपवत नाही.

शोरकडे शिकवण्यासारखं खूप होतं, हेही तितकंच खरं. स्केटिंगचा तोल, गुडघे किती वाकवायचे, स्टिकवर दोन हातांत किती अंतर ठेवायचं, यावर तो तासन्‌तास सराव घ्यायचा. केंट डग्लस हा बचावपटू त्याच्याकडे घडला, १९६२ मध्ये टोरंटोने त्याला मिळवण्यासाठी बदल्यात पाच खेळाडू दिले, आणि पुढच्याच वर्षी तो एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला. तो मान मिळवणारा पहिला बचावपटू. एएचएलचा सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार आजही एडी शोरच्या नावाने देतात. खेळाच्या जाणकारीबद्दल तो सन्मान योग्यच आहे असं मला वाटतं.

पण ज्यांच्यावर तो मालक म्हणून राज्य करत होता त्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. सरावात गोलरक्षक वारंवार खाली बसतो म्हणून त्याला दोरीने गोलच्या आडव्या दांडीला बांधलं. खेळाडूंना हॉटेलच्या दालनात टॅप नृत्य करायला लावलं. संघात जागा न मिळालेले किंवा मर्जीतून उतरलेले खेळाडू म्हणजे ‘ब्लॅक एसेस’. त्यांनी इमारतीतले दिवे बदलायचे, पॉपकॉर्न तयार करायचे, बर्फावरच्या नाचाच्या कार्यक्रमासाठी फुगे फुगवायचे. हा शब्द आजही हॉकीत आहे, बाद फेरीत वरच्या संघाबरोबर राहणाऱ्या राखीव खेळाडूंना तोच म्हणतात, पण तो कुठल्या अपमानातून आला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे ब्रुइन्सचा प्रशिक्षक म्हणून गाजलेला डॉन चेरी शोरकडे खेळला होता आणि तो स्प्रिंगफील्डला हॉकीतलं सैबेरिया म्हणायचा. काही खेळाडू तर करार करतानाच लिहून घ्यायचे की आम्हाला स्प्रिंगफील्डला पाठवायचं नाही.

फुगे, दोरी, नाच हे किस्से लोक रंगवून सांगतात. खेळाडूंना खरा त्रास होता तो पैशांचा. दंड लागायचा, पगार कापला जायचा, निलंबन व्हायचं, आणि दाद मागायची कुणाकडे? शोरकडेच. लीगकडे जावं तर १९६६ मध्ये एएचएलचा अध्यक्ष झालेला जॅक बटरफील्ड हा शोरचा भाचा, त्याच्याच हाताखाली स्प्रिंगफील्डमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला. बटरफील्डला मी दोष देत नाही. त्याने पुढे १९९४ पर्यंत लीग सांभाळली आणि सत्तरच्या दशकात ती बुडता बुडता वाचवली, हे त्याचं मोठं काम आहे. पण त्या क्षणी खेळाडूच्या जागेवर उभं राहून पाहिलं तर चारही बाजूंनी एकच घराणं दिसत होतं.

डिसेंबर १९६६ मध्ये शोरने बिल व्हाइट, डेल रोल्फ आणि डेव्ह अमाडियो या तीन बचावपटूंना बिनपगारी निलंबित केलं. ते मन लावून खेळत नाहीत, एवढंच कारण. बाकीच्यांनी जाऊन विचारलं, तर विचारणाऱ्यांवरही कारवाई झाली. त्यांत ब्रायन किलरे होता. मग सगळ्या संघाने ठरवलं, आम्ही खेळणार नाही.

आज संप म्हटलं की त्यामागे संघटना, वकील, निधी असतो. यांच्यामागे कोणी नव्हतं. एनएचएलमध्येसुद्धा खेळाडूंची संघटना नव्हती. १९५७ मध्ये टेड लिंडसे आणि इतर खेळाडूंनी केलेला प्रयत्न मालकांनी मोडून काढला होता. स्प्रिंगफील्डचे हे खेळाडू एनएचएलचेही नव्हते. बहुतेक जण संसारी, भर हिवाळ्यात, बदली काम नाही, आणि करार असा की उद्या शोरने ठरवलं तर आयुष्यात पुन्हा खेळता येणार नाही. तरी ते उभे राहिले. हॉकीत खेळाडूंनी मालकापुढे दाखवलेल्या हिमतीची जेवढी उदाहरणं मला माहीत आहेत त्यात हे मी सर्वांत वर ठेवतो.

त्यांनी टोरंटोच्या ॲलन ईगलसन या वकिलाला बोलावलं. ईगलसनने तेव्हा नुकताच बॉबी ऑर या तरुण खेळाडूचा बोस्टनशी मोठा करार करून दिला होता. त्याने खेळाडूंची लेखी निवेदनं घेतली आणि वाटाघाटी सुरू केल्या. पुढचे काही आठवडे ताणाताणी चालली, आणि अखेर शोर संघाच्या रोजच्या कारभारातून बाजूला झाला. ही बातमी एनएचएलच्या ड्रेसिंग रूममध्ये पोचायला वेळ लागला नाही. जून १९६७ मध्ये एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली, पहिला अध्यक्ष बॉब पुलफर्ड आणि कार्यकारी संचालक ईगलसन. त्याच वर्षी दुय्यम लीगच्या खेळाडूंचीही वेगळी संघटना स्थापन झाली.

ईगलसनबद्दल अर्धंच सांगून थांबणं बरोबर नाही. ज्या खेळाडूंचा तो प्रतिनिधी होता त्यांचीच त्याने पुढे फसवणूक केली. १९९८ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला, आणि हॉकीच्या हॉल ऑफ फेमचं सदस्यत्व त्याला सोडावं लागलं. म्हणून संघटनेच्या जन्माचं श्रेय द्यायचं तर मी ते आधी स्प्रिंगफील्डच्या त्या ड्रेसिंग रूमला देतो.

१९६७ मध्ये एनएचएल सहावरून बारा संघांची झाली. लॉस एंजेलिस किंग्ज या नव्या संघाचा मालक जॅक केंट कुक याने शोरच्या खेळाडूंचे करार विकत घेतले आणि स्प्रिंगफील्डचा संघ ‘किंग्ज’ या नावाने खेळू लागला. इतकी वर्षं अडकलेली माणसं एकदम मोकळी झाली. लॉस एंजेलिसच्या इतिहासातला पहिला गोल त्या ऑक्टोबरमध्ये कुणी केला, तर ब्रायन किलरेने. निलंबित केलेला बिल व्हाइट पुढे शिकागोसाठी खेळला आणि १९७२ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्धच्या गाजलेल्या मालिकेत कॅनडाच्या संघात होता. मन लावून न खेळणारा म्हणून ज्याचा पगार थांबवला होता, तो हा खेळाडू.

किंग्जच्या वर्षांवर मी फार रेंगाळणार नाही. १९७१ चा कॅल्डर कप मात्र सांगायलाच हवा. हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असताना संघ कसाबसा बाद फेरीत शिरला आणि विजेता झाला. गोलमध्ये तरुण बिली स्मिथ, ज्याने पुढे न्यूयॉर्क आयलंडर्ससाठी सलग चार स्टॅन्ली कप जिंकले. १९७२ मध्ये शहरात नवं सिव्हिक सेंटर झालं आणि संघ तिकडे गेला. १९७४-७५ च्या मोसमात शोरने सूत्रं पुन्हा हाती घेतली, इंडियन्स हे नाव परत आणलं, आणि त्याच मोसमात पुन्हा कप. १९७६ मध्ये त्याने संघ विकला. तो १९८५ मध्ये स्प्रिंगफील्डमध्येच वारला.

त्यानंतरचे इंडियन्स म्हणजे वेगळाच प्राणी. नाव जुनं, पण खेळाडू वरच्या कुठल्या ना कुठल्या एनएचएल संघाचे. वरचा संघ बदलला की ड्रेसिंग रूम बदलली. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे शेवटचे दोन कप. १९९० मध्ये जिंकले ते न्यूयॉर्क आयलंडर्सच्या खेळाडूंसह, गोलमध्ये जेफ हॅकेट. उन्हाळ्यात करार संपला आणि १९९१ मध्ये तोच कप पुन्हा जिंकला तो हार्टफर्ड व्हेलर्सच्या खेळाडूंसह, गोलमध्ये के व्हिटमोर. दोन्ही वर्षी प्रशिक्षक जिमी रॉबर्ट्स. जवळजवळ सगळा संघ बदलून विजेतेपद राखणं हे माझ्या मते शोरच्या तीन कपांइतकंच अवघड काम होतं, आणि त्याचं श्रेय रॉबर्ट्सला मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही.

पण यातच शेवटाचं कारणही आहे. खेळाडू गावाचे नाहीत, मालकाचेही नाहीत. मालकाकडे उरला फक्त लीगचा परवाना, म्हणजे लीगमधली जागा. परवाना विकता येतो आणि हलवता येतो. १९९४ मध्ये तो विकला गेला आणि नव्या मालकाने संघ पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर वूस्टरला नेला, नाव ठेवलं आइसकॅट्स. इंडियन्स संपले ते असे. सात कॅल्डर कप जिंकलेला संघ मैदानावर हरून बंद पडला नव्हता; तीन वर्षांपूर्वीच तो विजेता होता.

पुढचा भाग समजायला आयपीएल पाहणाऱ्यांना सोपा आहे. डेक्कन चार्जर्स गेले आणि हैदराबादला सनरायझर्स आले, शहर तेच पण संघ नवा. स्प्रिंगफील्डमध्येही तसंच झालं. या संघाचा जुना गोलरक्षक आणि नंतर व्यवस्थापक असलेला ब्रूस लँडन याने एक भागीदार घेऊन लीगकडून नवा परवाना मिळवला आणि १९९४ च्याच मोसमात फाल्कन्स हा संघ उभा केला. गावात एकही हिवाळा हॉकीविना गेला नाही, ही लँडनची कामगिरी. फाल्कन्स २०१६ मध्ये ॲरिझोनात टूसॉनला गेले आणि लगेच पोर्टलंडचा परवाना विकत घेऊन थंडरबर्ड्स आले. तुमचा मुलगा आज ज्यांचे सामने बघतो ते हे थंडरबर्ड्स. त्यांच्या परवान्याचा इंडियन्सशी संबंध नाही, इमारत मात्र तीच, १९७२ चं सिव्हिक सेंटर, आता नव्या नावाने.

आणि जुना परवाना? तो वूस्टरहून २००५ मध्ये पिओरियाला गेला, २०१३ मध्ये व्हँकुव्हर कनक्सने तो घेऊन युटिकाला नेला, आणि २०२१ मध्ये तिथून कॅनडात ॲबट्सफर्डला. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर हो, ॲबट्सफर्ड कनक्स हाच तो परवाना. जून २०२५ मध्ये त्यांनी शार्लटला हरवून कॅल्डर कप जिंकला. प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा, ज्याचे वडील भारतातून कॅनडात आलेले. पण ॲबट्सफर्डच्या पोरांना तुम्ही १९६२ च्या कपाबद्दल विचारलंत तर ते तो आपला म्हणणार नाहीत, आणि स्प्रिंगफील्डचे म्हातारे तो कुणाला देणार नाहीत. नोंदी ठेवणारा म्हणून मी म्हणेन, कप त्या गावाचे आणि त्या नावाचे. परवान्याबरोबर गेली ती फक्त लीगमधली जागा.

आता शेवटचा प्रश्न, मुलाचा. तो खेळत राहिला आणि कधी या पातळीपर्यंत पोचला, तर त्याच्यासमोर स्वीनी-अँडरसनची परिस्थिती नसेल. एनएचएलमध्ये आता ३२ संघ आहेत. एएचएलमध्ये खेळणाऱ्याला १९६७ मध्ये स्थापन झालेली ती संघटना किमान पगार, दुखापतीचे उपचार, घरभाडं, सामान हलवण्याचा खर्च यांवर लीगशी सामुदायिक करार करून देते. निलंबन झालं तर अपील करता येतं, आणि ते ऐकणारा मालकाचा नातेवाईक नसतो. एक गोष्ट मात्र बदललेली नाही: तुमचा करार कुणाकडे आहे यावर तुम्ही कुठल्या गावात राहणार हे ठरतं, आणि कधी कधी ते सकाळच्या सरावानंतर कळतं आणि संध्याकाळी दुसऱ्या राज्यात पोचायचं असतं. पहिला करार समोर येईल तेव्हा सही करण्याआधी तो संघटनेच्या माणसाकडून वाचून घ्या.